महाडचा प्रतिवादी

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या वकिलीबद्दल लिहिताना आपण दोनच टोकं पकडतो. एका टोकाला ग्रेज इनची बॅरिस्टरी, दुसऱ्या टोकाला घटनेचा मसुदा. मधली वकिली, म्हणजे पोटासाठी केलेली, तारखांच्या आणि तालुक्याच्या कोर्टांची वकिली, आपण घाईघाईने ओलांडून जातो. तिथे थांबण्यासारखं काही असेल असं कुणाला वाटत नाही. मला वाटतं. त्यातही एक गोष्ट फारशी कुणी लक्षात घेत नाही. आंबेडकरांच्या राजकारणाला ज्या दाव्याने सर्वांत खोल वळण दिलं, त्यात ते वादीचे वकील नव्हते आणि न्यायाधीश तर नव्हतेच. ते प्रतिवादी होते. १९२७ च्या डिसेंबरात महाडच्या दिवाणी कोर्टात दाखल झालेला हा दावा हायकोर्टात निकाली निघायला १७ मार्च १९३७ उजाडला.

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ असं आपण म्हणतो. पायरी चढायची की नाही हे ज्याच्या हातात असतं, त्याच्यासाठी ही म्हण ठीक आहे. प्रतिवादीच्या घरी समन्स येतं.

आधी वकिलीचं थोडं. नवल भथेना या मित्राकडून पैसे उसने घेऊन आंबेडकरांनी सनद काढली आणि जुलै १९२३ पासून मुंबई हायकोर्टात काम सुरू केलं. हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडला काम सॉलिसिटरमार्फत येई, आणि परळच्या चाळीत राहणाऱ्या अस्पृश्य बॅरिस्टरला ब्रीफ देण्याची सॉलिसिटरांना काही निकड नव्हती. मग मुफसलातली कामं, अपिलं, आणि जोडीला बाटलीबॉयच्या अकौंटन्सी इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायद्याचे वर्ग. परदेशी विद्यापीठांच्या दोन डॉक्टरेटच्या तोडीचा अभ्यास केलेला माणूस हिशेबनिसांना हुंडीचा कायदा शिकवत होता. त्यांच्या पक्षकारांकडे पाहिलं की आणखी एक गोष्ट दिसते. १९२६ साली ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तिकेवरून दिनकरराव जवळकर आणि केशवराव जेधे यांच्यावर पुण्यात खटला झाला. टिळक आणि चिपळूणकर यांच्यावर त्यात इतकी जहरी टीका होती की पुण्यातली भली माणसं हादरली होती. खालच्या कोर्टात शिक्षा झाली. अपिलात आंबेडकर उभे राहिले आणि आरोपी सुटले. १९३४ साली र. धों. कर्व्यांवर ‘समाजस्वास्थ्य’मधल्या मजकुरासाठी अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हाही आंबेडकरच उभे राहिले. तिथे हरले आणि कर्व्यांना दंड झाला. एका बाजूला ब्राह्मणेतर चळवळीतले तडाखेबंद लेखक, दुसऱ्या बाजूला चित्पावन घरातला संततिनियमनवादी. दोघांत साम्य एवढंच की सभ्य समाजाला दोघांचंही बोलणं सहन होत नव्हतं. वकिलाला पक्षकार निवडता येतात असं नाही, पण आले ते त्यांनी परतवले नाहीत, एवढं तर दिसतं.

आता महाड. कथा सर्वांना माहीत आहे, म्हणून तिच्यातला कायद्याचा धागा तेवढा वेगळा काढतो. ऑगस्ट १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर झाला: सरकारी खर्चाने बांधलेल्या किंवा चालवलेल्या पाणवठ्यांवर, विहिरींवर, धर्मशाळांत अस्पृश्यांना मज्जाव नसावा. सरकारने त्यावर परिपत्रक काढलं. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने आपलं चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला. म्हणजे विधिमंडळ, सरकार आणि नगरपालिका अशा तिन्ही ठिकाणी कागद तयार होता. तरी तीन वर्षं एकाही अस्पृश्याने त्या तळ्यावर ओंजळ भरली नाही. २० मार्च १९२७ रोजी परिषदेला आलेल्या लोकांना घेऊन आंबेडकर तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. मग वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी हूल, मारहाण, तळ्याची १०८ घागरी आणि पंचगव्याने शुद्धी. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. ठराव करणाऱ्याला तो रद्दही करता येतो, हा धडा आंबेडकरांना इथे पहिल्यांदा रोख मिळाला.

त्याच वर्षी, फेब्रुवारीत, त्यांनी मुंबई कौन्सिलचे नियुक्त सभासद म्हणून शपथ घेतली होती. वकील, आमदार आणि सत्याग्रही या तिन्ही भूमिका एकाच माणसात एकाच वर्षी आल्या. चरित्रकार त्या एकामागून एक मांडतात, वाचायला ते सोपं जातं. पण आंबेडकरांची खरी अडचण अशी की त्या एकाच वेळी वागवायच्या होत्या.

डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला. स्पृश्यांनी दावा लावला आणि १४ डिसेंबरला कोर्टाने तात्पुरता मनाईहुकूम दिला. दावा प्रातिनिधिक होता, म्हणजे सगळ्या स्पृश्यांच्या वतीने सगळ्या अस्पृश्यांविरुद्ध. आंबेडकर आणि त्यांचे काही सहकारी नावापुरते पुढे. एक अख्खा समाज प्रतिवादीच्या रकान्यात बसवला गेला होता. सत्याग्रहासाठी हजारो माणसं येऊन थांबली होती. मंडपाला जागा मिळाली ती एका मुसलमान गृहस्थाची. कलेक्टर स्वतः परिषदेत येऊन हुकूम पाळा म्हणून सांगून गेले. लोकांचा कल हुकूम मोडण्याकडे होता, तुरुंगात जायची तयारी होती. आणि २७ तारखेला आंबेडकरांनी सत्याग्रह तहकूब केला. मिरवणूक तळ्याकडून गेली, पाण्याला कुणी हात लावला नाही.

या निर्णयावर तेव्हापासून दोन मतं आहेत. एक मत असं की वकील आडवा आला. सनदेची, कौन्सिलातल्या जागेची काळजी आड आली. दुसरं मत असं की त्यातच त्यांची घटनात्मक निष्ठा दिसते. पहिलं मत अन्यायाचं आहे आणि दुसरं फार गोड आहे. मला त्यात दिसतो तो हिशेब. भांडण सनातन्यांशी होतं. हुकूम मोडला असता तर ते सरकारशी झालं असतं, आणि सनातनी बाजूला उभे राहून मजा बघत बसले असते. शिवाय मनाईहुकूम तळ्यापुरता होता, हे त्यांनी नीट वाचलं होतं. दोन दिवस आधी, २५ डिसेंबरला संध्याकाळी, त्याच मंडपाजवळ मनुस्मृती जाळली गेली. ठराव मांडणारे होते बापूसाहेब सहस्रबुद्धे. महाडच्या न्यायाधीशाचा कागद तिथवर पोचत नव्हता. सत्याग्रहातला जो भाग सर्वांत स्फोटक होता, तो हुकुमाला धक्का न लावता पार पडला. हुकूम कुठे संपतो हे आधी पाहायचं, ही वकिलाची सवय.

त्यानंतर मात्र तारखा. मनाईहुकूम १९२८ च्या फेब्रुवारीत उठला, पण दावा चालूच राहिला. महाडच्या कोर्टाचा निकाल जून १९३१ मध्ये, ठाण्याच्या कोर्टातल्या अपिलाचा जानेवारी १९३३ मध्ये, हायकोर्टाचा मार्च १९३७ मध्ये. तिन्ही ठिकाणी वादी हरले. पण ते कशावर हरले, हे पाहण्यासारखं आहे. वादींचं म्हणणं होतं की तळं खाजगी आहे, आणि ते नाही मानलं तरी अस्पृश्यांना तिथे न येऊ देण्याची अनादि काळापासूनची रूढी आहे. महाडच्या न्यायाधीशांनी तळं नगरपालिकेचं ठरवलं. रूढी पूर्वापार आहे हेही त्यांनी मानलं, पण म्हणाले की एकाने पाणी घेतलं आणि दुसऱ्याने घेतलं नाही एवढ्यावरून पहिल्याला दुसऱ्यास अडवण्याचा हक्क मिळत नाही. वरच्या कोर्टांनी वेगळा रस्ता धरला: रूढी अनादि आहे हे सिद्ध झालेलं नाही. तळ्याभोवती स्पृश्यांची वस्ती उभी राहण्याआधी तिथे कुणाला अडवण्याचा प्रसंग तरी आला होता का, आणि वस्ती उभी राहिल्यावर तिच्यामधून अस्पृश्य तळ्यावर कशाला जाईल? कुणी आलंच नाही म्हणून कुणाला अडवलं नाही. याला अनादि रूढी म्हणता येत नाही.

तर्क बिनचूक आहे. पण उलट बाजूने वाचून पाहा. वादींना भरपूर जुना पुरावा मिळाला असता तर? दोनशे वर्षांपूर्वी कुणाला तळ्यावरून हाकलल्याची एखादी नोंद निघाली असती तर? अन्याय जितका जुना तितका त्याचा दावा बळकट, असा तो सगळा पायाच होता. रूढी सिद्ध झाली असती तर ती अवाजवी किंवा सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे का हा प्रश्न कदाचित पाहावा लागला असता, असं हायकोर्टाने नोंदवलं आणि तो तिथेच सोडून दिला. पाहण्याची गरज पडली नाही. दहा वर्षं खटला लढून अस्पृश्यांना जे मिळालं ते एवढंच: या तळ्यापुरता, या वादींचा, या पुराव्यावर दावा अमान्य. माणसाला माणूस म्हणून पाण्याचा हक्क आहे, असं त्या निकालात कुठेही म्हटलेलं नाही. म्हणण्याचं कारणही नव्हतं, कारण तेव्हाच्या कायद्यात तसा हक्क नव्हता.

हा निकाल देणाऱ्या खंडपीठावरचे एक न्यायमूर्ती होते ब्रूमफील्ड. हे तेच, ज्यांनी १८ मार्च १९२२ रोजी अहमदाबादला गांधीजींना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा दिली. पंधरा वर्षांना एक दिवस कमी. एकाच न्यायाधीशापुढे दोन बॅरिस्टर, दोघेही वकील म्हणून नव्हे. गांधीजींनी गुन्हा कबूल केला आणि जास्तीत जास्त शिक्षा मागितली. कोर्टाचा नैतिक अधिकारच नाकारला. ते भव्य होतं, आणि तसं व्हावं अशीच ती वेळ होती. त्याच वर्षी इनर टेंपलने त्यांचं नाव बॅरिस्टरांच्या यादीतून काढलं. त्यांना त्याचं काही वाटलं असेल असं नाही. आंबेडकरांनी मात्र प्रत्येक मुद्दा लढवला: मालकी, वहिवाट, पुरावा, अपील. यावरून एक संत आणि एक वकील अशी विभागणी करण्याचा मोह होतो, आणि ती चूक आहे. कोर्ट नाकारायला आधी ते आपलं असावं लागतं. ज्याच्या बापजाद्यांना पाटलाच्या चावडीत पाऊल टाकता येत नव्हतं, त्याला कोर्टात बरोबरीने उभं राहून मुद्देसूद उत्तर देणं हाच बंडाचा प्रकार होता. गांधीजींनी जे टाकून दिलं ते मिळवायलाच आंबेडकरांना दहा वर्षं लागली.

निकाल लागला तेव्हा ते नुकतेच निवडून आले होते. त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष ऑगस्ट १९३६ मध्ये स्थापन झाला आणि १९३७ च्या निवडणुकीत त्याचे बहुतेक उमेदवार विजयी झाले. सप्टेंबरात त्यांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चा घेऊन आले. विधेयक पुढे गेलं नाही. इथे त्यांच्या कारकिर्दीतला एक नमुना दिसू लागतो. महार वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक त्यांनी १९२८ साली मांडलं, पुढे मागे घ्यावं लागलं. ती वतनं कायद्याने गेली १९५८ साली, त्यांच्या मृत्यूनंतर. खोती गेली १९४९ च्या कायद्याने, दुसऱ्यांच्या हातून. हिंदू कोड बिलावरून त्यांनी १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्याचे तुकडे करून चार कायदे झाले १९५५ आणि ५६ मध्ये. १९५२ ला लोकसभेला उत्तर मुंबईतून काजरोळकरांकडून हरले, १९५४ ला भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही हरले. राजकारणी म्हणून हे अपयशाचं प्रगतिपुस्तक आहे, असं म्हणणारे भेटतात. म्हणू देत. आमदाराचं काम विधेयक मंजूर करून घेणं हे आहेच, पण दुसऱ्याला पुढे नाकारता येणार नाही असा मसुदा टेबलावर ठेवून जाणं हेही आहे. वकिलाला ते बरोबर समजतं. आजचा युक्तिवाद फेटाळला गेला तरी तो निकालपत्रात नोंदला जातो आणि उद्याचा वकील तो काढतो.

त्याची किंमत मात्र मोठी होती, आणि ती आंबेडकरांच्या भक्तांनी सहसा मोजलेली नाही. मुद्दा बिनतोड असला की तो पटलाच पाहिजे, ही वकिलाची श्रद्धा निवडणुकीत चालत नाही. मतदार पुरावा तपासून कौल देत नाही. आंबेडकरांची भाषणं वाचताना कितीदा तरी वाटतं की समोर सभा बसली आहे हे ते विसरले आहेत आणि खंडपीठाला उद्देशून बोलत आहेत.

घटनेकडे मी येतो ते याच वाटेने. कलम १५ चं दुसरं उपकलम काढून पाहा. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणत्याही नागरिकावर विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या वापराबाबत निर्बंध असणार नाही. ते पूर्णतः वा अंशतः सरकारी पैशाने चालवलेले असोत किंवा सर्वसामान्य जनतेसाठी दिलेले असोत. तलाव. मालकीचा वाद आधीच मिटवून टाकलेला. आणि महत्त्वाचं म्हणजे हे उपकलम फक्त सरकारला बांधत नाही, शेजाऱ्यालाही बांधतं. महाडचे वादी खाजगी माणसंच होती. मग कलम १३: मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा तेवढ्यापुरता शून्य, आणि ‘कायदा’ यात रूढी आणि परिपाठही आले. ब्रूमफील्ड यांनी जो प्रश्न टेबलावर तसाच ठेवला होता त्याचं उत्तर इथे आहे. रूढी कितीही जुनी असो, सिद्ध करून दाखवा, तरी ती चालणार नाही.

यावरून ही कलमं आंबेडकरांनी एकट्याने महाड आठवून लिहिली, असं कुणी सांगू लागलं तर मी मान्य करणार नाही. विहिरी, तलाव, रस्ते ही यादी जवळजवळ याच शब्दांत काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात आहे. मूलभूत हक्कांच्या उपसमितीत मुन्शी होते, इतरही होते. कलमं समित्यांमध्ये घडतात. पण त्या टेबलाभोवती बसलेल्यांपैकी, तलावाच्या पाण्यासाठी दहा वर्षं प्रतिवादी राहिलेला माणूस एकच होता. कलम ३२ बद्दल त्यांनी डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत जे सांगितलं ते याच्याशी जोडून वाचावं. घटनेतलं सर्वांत महत्त्वाचं कलम कोणतं विचारलं तर आपण हेच सांगू, तो घटनेचा आत्मा आणि हृदय आहे, असं ते म्हणाले. हक्क डावलला गेला तर थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा हक्क. समानता नाही, स्वातंत्र्य नाही, त्यांनी दाद मागण्याची सोय निवडली. प्राध्यापकाने हे उत्तर दिलं नसतं. १९२४ मध्ये महाडच्या अस्पृश्याकडे ठराव होता, परिपत्रक होतं, आणि ते मोडलं गेल्यावर जायला जागा नव्हती. दुसऱ्यांनी दावा लावला म्हणून तो कोर्टात पोचला.

वकिलीचा एक कडवट शेवटही आहे. सप्टेंबर १९५३ मध्ये राज्यसभेत त्यांनी रागाच्या भरात सांगितलं की ही घटना जाळायला आपण सर्वांत आधी पुढे येऊ. आपण भाडोत्री होतो, सांगितलं ते मनाविरुद्ध लिहिलं. दीड वर्षाने त्यांनी त्याचा खुलासाही केला. देवळात देवाऐवजी राक्षस बसले तर देऊळ पाडण्यावाचून काय करणार, असा त्याचा आशय होता. भाडोत्री हा शब्द भक्तांना बोचतो आणि विरोधक तो झेंड्यासारखा मिरवतात. मला तो वकिलाचा शब्द वाटतो. वकील अशिलाची बाजू मांडतो, त्यातलं किती आपलं आणि किती अशिलाचं हे त्यालाच माहीत असतं. मसुदा समितीच्या अध्यक्षाचा अशील होता काँग्रेसचं बहुमत.

आणखी एक उतारा असाच अर्धा वापरला जातो. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी सत्याग्रह, असहकार, कायदेभंग सोडून द्यायला सांगितलं आणि त्या मार्गांना अराजकाचं व्याकरण म्हटलं. मोर्चा निघाला, रस्ता अडला की हे वाक्य हटकून बाहेर येतं. त्याच्या आधीचं वाक्य सहसा येत नाही: घटनात्मक मार्ग उपलब्ध नव्हते तेव्हा त्या पद्धतींना बरंच समर्थन होतं. म्हणजे त्यांनी अट घातली होती. घटनात्मक मार्ग कागदावर आहे एवढ्याने ती पुरी होते का, की तो चालून जाण्याजोगा असावा लागतो? १९२७ च्या प्रतिवादीला विचारलं असतं तर त्याने निकालाची तारीख विचारली असती. आज सामाजिक न्यायाच्या बऱ्याच चळवळी याचिका दाखल करून पुढच्या तारखेची वाट पाहत बसतात आणि त्यालाच आंबेडकरांचा मार्ग म्हणतात. त्यांनी स्वतः कोर्टाची वाट पाहत असताना नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह चालवला, गोलमेज परिषदेला गेले, पक्ष काढला, निवडणूक लढवली, विधेयकं मांडली. दावा एका बाजूला चालू होता, इतकंच.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला, त्यावर मात्र कुणाला मनाईहुकूम आणता आला नसता. सदसद्विवेकाचं स्वातंत्र्य घटनेतच होतं, आणि तिथे मालकीचा, वहिवाटीचा पुरावा मागणारं कुणी नव्हतं. पण कायद्याने तिथेही पाठ सोडली नाही. अनुसूचित जातींबद्दलचा १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश मुख्यतः हिंदूंपुरता होता, १९५६ मध्ये त्यात सगळे शीख आले. बौद्ध झालेल्या लाखो लोकांचा अनुसूचित जातीचा दर्जा गेला. महाराष्ट्र सरकारने १९६० साली राज्यापुरत्या सवलती दिल्या. केंद्राच्या आदेशात बौद्धांचं नाव यायला १९९० साल उजाडलं.